ॲजिटेटर टाकीचं सिम्युलेशन: पॉवर नंबर ३.१ वर अडकलाय, चूक कुठे?

दांडियाबाजार

बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका कारखान्यासाठी ५ घनमीटरचा रिॲक्टर व्हायचा आहे. त्याआधी प्रयोगशाळेतल्या ढवळण्याच्या छोट्या टाकीचं गणित जुळवून घ्यायचं ठरलंय आणि तिथेच गाडी अडली आहे.

टाकी सपाट बुडाची. व्यास ३०० मिमी, पाण्याची उंची ३०० मिमी, ३० मिमी रुंदीचे ४ बॅफल (पाणी नुसतं गोल फिरू नये म्हणून भिंतीलगतच्या उभ्या पट्ट्या). ढवळणारा पंखा, म्हणजे इम्पेलर, सहा पात्यांचा रश्टन टर्बाइन (तबकडीवर उभी पाती), व्यास १०० मिमी, तबकडी ७५ मिमी, पातं २५ × २० मिमी, बुडापासून १०० मिमी वर. वेग ३०० आरपीएम. पाणी २० अंशांचं धरलंय.

ओपनफोम या प्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्ये सिम्पलफोम (स्थिर प्रवाहाचा सॉल्व्हर), एमआरएफ (पातं गोठवून भोवतीचा झोन फिरता धरायची युक्ती), स्टँडर्ड के-एप्सिलॉन (टर्ब्युलन्सचं मॉडेल; के म्हणजे टर्ब्युलन्सची ऊर्जा, एप्सिलॉन म्हणजे तिचा ऱ्हास), भिंतींना वॉल फंक्शन (भिंतीलगतचा थर न सोडवता सूत्राने धरणं). जाळीत ६ लाख सेल. संवहनाच्या सगळ्या पदांना साधं फर्स्ट ऑर्डर अपविंड (प्रवाह येतो त्या बाजूच्या सेलचं मूल्य उचलणारी ढोबळ स्कीम). फिरत्या झोनची त्रिज्या ११५ मिमी. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) ०.०००१ च्या जरा खाली येऊन सपाट झालेत. इम्पेलरवरचा टॉर्क ०.१२४ न्यूटन-मीटर येतो, म्हणजे पॉवर नंबर (ढवळायची शक्ती घनता, वेग आणि इम्पेलरच्या व्यासाच्या मानाने मांडणारा आकडा) ३.१. अशा टर्बाइनला ५ च्या आसपास यायला हवा.

वेगाची रंगीत चित्रं मात्र अगदी हवी तशी आहेत. पात्यांतून बाहेर जाणारा झोत, वर एक आणि खाली एक भोवरा, सगळं आहे. जाळी बारीक करत जाऊ, की थेट एलईएस (मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवणारं महाग गणित) लावू?

कलाभवन_यंत्र

एलईएस नंतर. वर-खाली दोन भोवरे तर जवळजवळ कुठल्याही चुकीच्या गणितातही दिसतात, त्यामुळे चित्रावर विसंबू नका. आधी तीन आकडे काढा.

पहिला, इम्पेलर आणि दांड्यावरचा टॉर्क. दुसरा, बॅफल, भिंत आणि बूड यांच्यावरचा टॉर्क, त्याच अक्षाभोवती. वरच्या पृष्ठभागाला स्लिप (घर्षण नसलेली हद्द) दिलं असेल तर तिथे टॉर्क शून्य. हे दोन आकडे सारखे यायलाच हवेत. इम्पेलर पाण्याला जेवढा कोनीय संवेग देतो तेवढा स्थिर अवस्थेत कुठल्या ना कुठल्या भिंतीने काढून घ्यावाच लागतो. एमआरएफ वापरलं तरी हा हिशोब सुटत नाही, झोन अक्षाभोवती गोल असला म्हणजे झालं. तिसरा, संपूर्ण टाकीत घनता × एप्सिलॉन यांची बेरीज. ही वॅटमध्ये येते. तिची तुलना दांड्याच्या शक्तीशी करा, म्हणजे टॉर्क × ३१.४१६ (३०० आरपीएम, रेडियन प्रति सेकंदात).

तुमच्या टाकीला काय यायला हवं ते हातानेच निघतं. रेनॉल्ड्स नंबर = घनता × फेरे प्रति सेकंद × व्यासाचा वर्ग ÷ विस्कॉसिटी = ९९८ × ५ × ०.०१ ÷ ०.००१, म्हणजे साधारण ५०,०००. बॅफल असलेल्या टाकीत १०,००० च्या वर पॉवर नंबर जवळपास स्थिर असतो. तो ५ धरला तर शक्ती ६.२४ वॅट आणि टॉर्क ०.१९९ न्यूटन-मीटर. टाकीत २१.२ किलो पाणी आहे, तेव्हा सरासरी ऊर्जा-ऱ्हास ०.२९ वॅट प्रति किलो. हा शेवटचा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे सगळीकडे लागेल.

माझा पहिला संशय अपविंडवर आहे. फर्स्ट ऑर्डर अपविंड स्वतःची एक खोटी विस्कॉसिटी आणतं आणि तिचा अंदाज वेग × सेलची लांबी ÷ २ असा निघतो. इम्पेलरजवळ वेग १ मी/से आणि सेल २ मिमी धरला तर ती ०.००१ मी²/से झाली, पाण्याच्या खऱ्या विस्कॉसिटीच्या (घनतेने भागून ०.०००००१ मी²/से) हजारपट. झोतातली टर्ब्युलंट विस्कॉसिटी काढून पाहा (०.०९ × के चा वर्ग ÷ एप्सिलॉन). ती ०.०००२ च्या आसपास येईल. म्हणजे टर्ब्युलन्स मॉडेलने जेवढं पातळ करायचं त्याच्या चार-पाच पट जास्त तुमची स्कीमच करते आहे. अशा वेळी के-एप्सिलॉन लावा की एसएसटी हे दुसरं मॉडेल, फरक दिसणारच नाही, कारण दोन्ही त्या खोट्या विस्कॉसिटीखाली दबलेले असतात.

दुसरी गोष्ट झोनची. बॅफलची आतली कड अक्षापासून १२० मिमीवर आणि तुमची झोनची हद्द ११५ वर. मध्ये ५ मिमी, म्हणजे जेमतेम दोन सेल. एमआरएफमागचं गृहीतक असं की हद्दीवरचा प्रवाह कोनानुसार फारसा बदलत नाही. बॅफलच्या तोंडाशी ते साफ मोडतं. पात्याचं टोक ५० आणि बॅफल १२०, हद्द मधोमध ८५ वर आणा.

दांडियाबाजार

काढले. इम्पेलर ०.१२४. बॅफल, भिंत, बूड मिळून ०.१०१. एप्सिलॉनची बेरीज १.७ वॅट, तर दांड्याची शक्ती ३.९.

कलाभवन_यंत्र

पहिल्या दोन आकड्यांत १८ टक्क्यांहून जास्त फरक आहे, म्हणजे गणित अजून संपलेलंच नाही. रेसिड्युअल सपाट होणं आणि उत्तर स्थिरावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इम्पेलरजवळचा प्रवाह काहीशे पुनरावृत्तींत बसतो. टाकीच्या वरच्या कोपऱ्यातलं पाणी मात्र हळू फिरतं, त्याला काही हजार लागतात. बॅफलवरचा टॉर्क तिथूनच येतो, म्हणून तो मागे राहतो. दोन्ही टॉर्क पुनरावृत्तीसोबत नोंदवत जा आणि फरक १ टक्क्याच्या आत येऊन तिथे टिकला की मगच थांबा.

क्रम असा ठेवा. पहिल्या ५०० पुनरावृत्ती अपविंडवरच चालवा, नाहीतर सुरुवातीलाच उडेल. मग सेकंड ऑर्डर स्कीम: वेगासाठी लिनिअर अपविंड, के आणि एप्सिलॉनसाठी लिमिटेड लिनिअर. रिलॅक्सेशन (दर पुनरावृत्तीत नव्या उत्तराचा किती भाग घ्यायचा) दाबाला ०.३, वेगाला ०.७, के-एप्सिलॉनला ०.५. दोलायमान झालं तर दाबाला हात लावू नका, के-एप्सिलॉन ०.४ वर आणा. चेकमेशमध्ये (जाळी तपासणारी आज्ञा) नॉन-ऑर्थोगोनॅलिटी, म्हणजे सेलचा तिरकसपणा, ७० अंशांच्या वर गेली असेल तर दोन करेक्टर द्या. खरं तर तेवढी वर जाऊच देऊ नये. ती बहुधा तबकडी आणि पातं जिथे मिळतात त्या कोपऱ्यात चढते.

ओमेगा, म्हणजे झोनचा कोनीय वेग, रेडियन प्रति सेकंदात भरायचा असतो, ३१.४१६. तुमचा बरोबर दिसतोय, पण तिथे ३०० किंवा ५ टाकलेल्या फायली वारंवार पाहायला मिळतात. झोनच्या बाहेर गेलेल्या दांड्याच्या तुकड्याला वेगळी फिरती भिंत द्यावी लागते, तो स्थिर राहून चालत नाही. त्याने टॉर्क फार बदलत नाही, पण वरचा भोवरा बिघडतो.

हा सगळा खटाटोप ज्या पद्धतीवर चालतो ती 'सिंपल' (सिम्पलफोमच्या नावातलं सिम्पल तेच) १९७२ मध्ये पाटणकर आणि स्पॉल्डिंग यांनी मांडली. सुहास पाटणकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून पुढे लंडनला गेले. आज जगभरच्या सॉफ्टवेअरांत ती किंवा तिची भावंडंच आहेत. मराठी धाग्यावर हे नोंदवून ठेवावंसं वाटलं.

मकरपुरा_फॅब्रिकेशन

गणितवाल्यांनी एक गोष्ट विचारलीच नाही. पातं किती जाडीचं काढलंय? शून्य जाडीचा पत्रा काढला तर पॉवर नंबर वर जातो, जाड पातं काढलं तर खाली येतो. १०० मिमी इम्पेलरला १ मिमी पातं आणि ३ मिमी पातं यांत फरक मोजण्याइतका असतो. कारण असं की पात्यामागे कडेवरून सुटणाऱ्या जोडभोवऱ्यांमुळे पाठीवरचा दाब कमी होतो आणि जाड कडेवर ते भोवरे ढिले होतात. पुस्तकातला ५ हा आकडा ठराविक जाडीचाच असतो. ड्रॉइंगमध्ये २ मिमी असेल तर मॉडेलमध्येही २ मिमीच हवं आणि त्या जाडीत निदान दोन-तीन सेल हवेत.

बॅफल भिंतीला चिकटवून वेल्ड केलेत की फट ठेवली आहे? कारखान्यातल्या टाकीत माल साचू नये म्हणून फट ठेवतात आणि त्या फटीतून पाणी जातं. प्रयोगाच्या टाकीत बॅफल बहुधा चिकटलेले असतात. दोन्हींचं मॉडेल एकच ठेवू नका.

मोजमापाबद्दल. ०.२ न्यूटन-मीटर फार लहान टॉर्क आहे. बेअरिंग आणि सीलचं घर्षणच त्याच्या बरोबरीला येऊ शकतं. रिकामी टाकी त्याच वेगाने १५-२० मिनिटं फिरवून बेअरिंग तापू द्या, मग रिकाम्याचा टॉर्क घ्या, मग पाणी भरून घ्या आणि वजा करा. थंड बेअरिंगवर घेतलेलं शून्य आणि तापलेल्या बेअरिंगवरचं वाचन यांची वजाबाकी करून उपयोग नाही.

दांडियाबाजार

जाडी २ मिमी, बॅफल चिकटलेले. मॉडेलमध्ये मात्र पातं शून्य जाडीचं होतं. म्हणजे चुका दोन्ही दिशांनी होत्या.

सूरसागर_पश्चिम

एलईएसबद्दल थोडं, कारण प्रश्न तोही होता.

सगळे भोवरे सोडवायचे म्हटले, म्हणजे डीएनएस, तर काय लागेल? सर्वात लहान भोवऱ्याचा आकार कोल्मोगोरोव्हने १९४१ मध्ये सांगितला: (विस्कॉसिटी ÷ घनता) चा घन भागिले ऊर्जा-ऱ्हास, त्याचं चौथं मूळ. ०.२९ वॅट प्रति किलोला तो ४३ मायक्रॉन येतो. इम्पेलरजवळ ऱ्हास सरासरीच्या तीसपट धरला तर १८ मायक्रॉन. सरासरी आकाराच्या दुप्पट सेल घेतला तरी या बादलीभर पाण्यासाठी साधारण ३,३०० कोटी सेल लागतात. तुलनेसाठी, १९८७ मध्ये किम, मोईन आणि मोझर यांनी दोन भिंतींमधल्या प्रवाहाचं जे डीएनएस केलं ते सुमारे ४० लाख बिंदूंचं होतं. आज यंत्रं मोठी आहेत, पण रिॲक्टरच्या डिझाइनसाठी डीएनएस हा मार्ग नाही.

एलईएसमध्ये मोठे भोवरे सोडवायचे आणि लहानांचं मॉडेल करायचं. इथे जाळी रेनॉल्ड्स नंबरवरून ठरत नाही, मोठ्या भोवऱ्याच्या आकारावरून ठरते. झोतातला मोठा भोवरा पात्याच्या निम्म्या उंचीएवढा, म्हणजे १० मिमी. त्यात दहा सेल बसवायचे तर १ मिमी. पूर्ण टाकी १ मिमीने भरली तर २.१ कोटी सेल. पण त्रिज्या ८५ मिमी आणि उंची ६० मिमीचा गोल भाग १ मिमीने आणि बाकी २ मिमीने भरला तर ४० लाखांच्या आत बसतं. हे झेपण्यासारखं आहे.

आता अटी. एमआरएफ नाही, खरोखर फिरणारी जाळी हवी. वेळेची पायरी सुरुवातीला १ अंशाची, म्हणजे ०.०००५५ सेकंद. पात्याचं टोक तेवढ्यात ०.८७ मिमी सरकतं, त्यामुळे १ मिमी सेलला कूरंट नंबर (एका पायरीत प्रवाह किती सेल ओलांडतो) १ च्या जरा खाली राहतो. आकडेवारी गोळा करताना अर्धा अंश घ्या. वेगाला सेंट्रल स्कीम लागते. अपविंडवर एलईएस चालवणं म्हणजे जे भोवरे सोडवायला एवढी जाळी घातली तेच पुसून टाकणं. सबग्रिड मॉडेल (सेलपेक्षा लहान भोवऱ्यांचं) स्मॅगोरिन्स्की घेतलं तर स्थिरांक ०.१. मूळ सिद्धांतातून ०.१७ च्या आसपास येतो, पण कातर (शिअर) असलेल्या प्रवाहात तो जास्त पडतो. भिंतीजवळ वेल (डब्ल्यूएएलई) हे सबग्रिड मॉडेल बरं वागतं. सोडवलेली ऊर्जा एकूण टर्ब्युलंट ऊर्जेच्या निदान ८० टक्के आहे ना, हे झोतात तपासा.

सगळ्यात दुर्लक्षित अट सरासरीच्या कालावधीची. बॅफल असलेल्या टाकीत एक फार मंद लय असते, अख्खा प्रवाह एका बाजूला झुकतो आणि परत येतो. तिची वारंवारता इम्पेलरच्या सुमारे ०.०२ पट. तुमच्या ५ फेरे प्रति सेकंदाला ती ०.१ हर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन १० सेकंदांचं, ५० फेऱ्यांचं. दहा फेऱ्यांची सरासरी घेऊन 'प्रयोगाशी जुळत नाही' म्हणणाऱ्यांनी या लयीचा एक पंचमांशच पाहिलेला असतो. १ अंशाच्या पायरीने ५० फेरे म्हणजे १८,००० पायऱ्या, अर्ध्या अंशाने ३६,०००. एका आवर्तनाने भागत नाही, तीन-चार तरी हवीत.

कलाभवन_यंत्र

सूरसागर, अटी सगळ्या मान्य. पण यांच्या कामाला आज एलईएस लागतं का? पॉवर नंबर, झोताचा वेग, अभिसरणाचं प्रमाण हे आरएएनएस (के-एप्सिलॉनसारखं, सगळ्याच भोवऱ्यांचं मॉडेल करणारं सरासरी गणित) नीट देतं. रश्टनच्या पात्यावरचा टॉर्क जवळजवळ सगळा दाबाचा असतो, घर्षणाचा नाही. त्यामुळे भिंतीजवळच्या मॉडेलची तो फारशी पर्वा करत नाही. आरएएनएस फसतं ते एप्सिलॉनच्या बेरजेत आणि मिसळण्याच्या वेळात.

सूरसागर_पश्चिम

आणि कारखान्याला नेमकं मिसळणंच हवं असतं ना. पाण्यात तेलाचे थेंब तोडायचे असतील तर थेंबाचा आकार एप्सिलॉनच्या उणे ०.४ घातावर ठरतो. एप्सिलॉन खऱ्याच्या ६० टक्के आलं तर थेंब २३ टक्के मोठा दिसेल. नाजूक स्फटिक असतील तर उलट, ते तुटणार नाहीत असं वाटत राहील आणि प्रत्यक्षात तुटतील.

कलाभवन_यंत्र

हे खरं आहे. म्हणूनच ती तिसरी बेरीज काढायला लावतो. बेरीज कमी भरली तर निदान किती कमी ते कळतं. ढोबळ उपाय म्हणून प्रत्येक सेलमधलं एप्सिलॉन दांड्याची शक्ती ÷ बेरीज या गुणोत्तराने वाढवून घेतात. वाटप चुकीचंच राहतं, पण एकूण हिशोब तरी बसतो.

वाय प्लसबद्दलही (भिंतीपासूनचं अंतर घर्षणवेग आणि विस्कॉसिटीच्या मानाने मांडणारा आकडा) सांगून टाकतो. पात्याच्या टोकाला वेग १.५७ मी/से, पात्याची लांबी २५ मिमी, त्यावरून घर्षणवेग ०.०९३ मी/से येतो. वाय प्लस ३० साठी सेलचं केंद्र भिंतीपासून ०.३२ मिमीवर, म्हणजे पहिला सेल ०.६५ मिमी जाड. वाय प्लस १ साठी केंद्र ११ मायक्रॉनवर. टाकीच्या भिंतीशी पाणी ०.३ मी/से च्या आसपास असतं, तिथे ३० साठी केंद्र २ मिमीवर चालतं. एकच जाडी सगळीकडे लावली की कुठेतरी वाय प्लस ५ ते ३० च्या मधल्या पट्ट्यात पडतं आणि तिथे साधं वॉल फंक्शनही बरोबर नसतं, भिंतीपर्यंत सोडवणंही नाही.

विश्वामित्री_काठ

जरा विषयांतर. बडोद्यात विश्वामित्री नदीवर काळा घोड्याच्या पुलापाशी पावसात पाणी चढतं तेव्हा खांबामागे भोवरे दिसतात. ऑगस्ट २०२४ चा पूर सगळ्यांना आठवत असेलच. नदीच्या पुराचं गणितही असंच करतात का?

सूरसागर_पश्चिम

नाही. पुरासाठी खोलीवर सरासरी काढलेली उथळ पाण्याची समीकरणं वापरतात. त्यात टर्ब्युलन्सचा जवळजवळ सगळा भार मॅनिंगच्या खडबडीतपणाच्या आकड्यावर असतो. नैसर्गिक पात्राला ०.०३ ते ०.०३५, झाडोरा वाढला की बराच जास्त. तिथे खरी अडचण पात्राच्या आडव्या छेदांची असते, मॉडेलची नाही. जुने छेद वापरले तर कितीही भारी सॉल्व्हर असला तरी पातळी चुकते.

खांबापुरतं, तळाची माती किती उकरली जाईल एवढंच पाहायचं असेल तर त्रिमितीय एलईएस किंवा डीईएस (भिंतीजवळ आरएएनएस, बाहेर एलईएस) कामाला येतं. भोवऱ्यांची लय हातानेही काढता येते. स्ट्राउहाल नंबर (वारंवारता × खांबाची रुंदी ÷ वेग) ०.२, खांब १.५ मीटर आणि वेग २ मी/से धरला तर पावणेचार सेकंदांना एक जोडी. काठावरून घड्याळ लावून मोजता येईल. मात्र पुरात नव्हे, पाणी उतरल्यावर पुलावरूनच.

गोत्री_सर्व्हर

यंत्राबद्दल. ओपनफोमला दर १० लाख सेलमागे १ ते २ जीबी मेमरी धरा, ४० लाखांना १६ जीबी साधारण पुरते. पण खरी कोंडी मेमरीच्या क्षमतेची नाही, मेमरीच्या वेगाची आहे. दोन चॅनेलच्या साध्या डेस्कटॉपवर १६ कोअर असले तरी ४-६ कोअरनंतर वेळ कमी होत नाही, कारण सगळे कोअर मेमरीच्या दारात रांग लावून उभे असतात. दोन रिकाम्या स्लॉटमध्ये स्टिक घालून सगळे चॅनेल भरणं हा कित्येकदा नवीन प्रोसेसरपेक्षा स्वस्त आणि जास्त कामाचा उपाय ठरतो. एका कोअरला ५०,००० सेलपेक्षा कमी आले की कोअरमधला संवादच वेळ खातो.

बडोद्याच्या मे महिन्यात खोलीत एसी नसेल तर प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. आठ-दहा दिवस चालणाऱ्या गणितात हे जाणवतं. घड्याळाचा वेग लॉगमध्ये टाकत जा. आणि दर काही फेऱ्यांनी फाइल लिहून ठेवा, वीज गेली तर सगळं पहिल्यापासून नको.

मकरपुरा_फॅब्रिकेशन

मे महिन्यावरून आठवलं. गणितात पाणी २० अंशांचं आहे, पण उन्हाळ्यात टाकीत ते ३५ चं असतं. विस्कॉसिटी २० अंशांना १.०, तर ३५ ला ०.७२ मिलीपास्कल-सेकंद.

कलाभवन_यंत्र

बरोबर पकडलंत. रेनॉल्ड्स नंबर जवळपास ४० टक्के वाढतो. पॉवर नंबरवर परिणाम नाही, कारण आपण सपाट भागात आहोत. पण सर्वात लहान भोवरा ४३ वरून ३४ मायक्रॉनवर येतो आणि वाय प्लस ३० चं अंतरही कमी होतं. प्रयोगाच्या वेळचं तापमान लिहून ठेवा आणि गणितात तेच भरा.

दांडियाबाजार

नवं गणित झालं. पातं २ मिमी, झोन ८५ मिमी, सेकंड ऑर्डर, ११ लाख सेल. इम्पेलर ०.१८७, बाकी सगळं मिळून ०.१८५. पॉवर नंबर ४.७. एप्सिलॉनची बेरीज ४.० वॅट, दांड्याची शक्ती ५.९, म्हणजे ६८ टक्के. पात्याचा कोन बॅफलच्या सरळ रेषेत आहे. हे ठीक मानायचं का?

कलाभवन_यंत्र

अजून दोन कामं. एमआरएफमध्ये पातं जिथे गोठवलं तिथेच राहतं, त्यामुळे उत्तर कोनावर अवलंबून असतं. ६ पाती आणि ४ बॅफल, तेव्हा तीच रचना दर ३० अंशांनी परत येते. ०, १० आणि २० अंशांवर तीन गणितं करून सरासरी घ्या. वेळ वाचवायचा असेल तर अर्धी टाकी पुरते, १८० अंशांची आवर्ती हद्द लावून. चौथा भाग चालणार नाही, सहा पात्यांना ९० अंशांनी भाग जात नाही. आणि अर्धी टाकी फक्त आरएएनएसला. एलईएसमध्ये ती मंद लयच मरून जाईल.

दुसरं, जाळी तीन आकारांत चालवा, प्रत्येक दिशेला १.५ पट फरकाने. म्हणजे ३.३, ११ आणि ३७ लाख. सगळीकडे सारख्या प्रमाणात बारीक करायची. फक्त इम्पेलरजवळ केली तर पुढचं सूत्र लागू पडत नाही.

दांडियाबाजार

कोनांची सरासरी ४.७ च आली, वर-खाली ०.१. जाळीचं: ३.३ लाखांना ४.३, ११ लाखांना ४.७, ३७ लाखांना ४.९. एप्सिलॉनची बेरीज ३७ लाखांना ७७ टक्के.

कलाभवन_यंत्र

छान. फरक ०.४ आणि मग ०.२, निम्मा झाला. अचूकतेचा घात = लॉग २ ÷ लॉग १.५ = १.७. सेकंड ऑर्डर स्कीमला हे शोभतं. घात ०.५ किंवा ४ आला असता तर तिन्ही जाळ्या अजून खडबडीत आहेत असं समजलो असतो. अनंत बारीक जाळीचा अंदाज ४.९ + ०.२ ÷ (१.५ चा १.७ वा घात − १) = ५.१. रोशच्या पद्धतीने अनिश्चितता १.२५ × ०.२ ÷ ४.९ म्हणजे ५ टक्के. अहवालात '४.९, जाळीमुळे ५ टक्के अनिश्चित' असं लिहा. नुसतं 'ग्रिड इंडिपेंडंट आहे' लिहू नका, त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

नंदेसरी_प्रोसेस

आता ५ घनमीटरकडे. तीच भूमिती ठेवली तर टाकीचा व्यास १.८५ मीटर, इम्पेलर ६१८ मिमी, ६.१८ पट. प्रति किलो शक्ती तीच ठेवायची तर वेग ८९ आरपीएम. दांड्यावर १.४७ किलोवॅट, टॉर्क १५८ न्यूटन-मीटर. टोकाचा वेग १.५७ वरून २.८८ मी/से होतो. माल नाजूक असेल तर याकडे आधी बघा.

मिसळण्याची वेळ मात्र बदलते. ९५ टक्के मिसळायला लागणारे फेरे = ५.२ ÷ पॉवर नंबरचं घनमूळ × (टाकी ÷ इम्पेलर) चा वर्ग. दोन्हीकडे २७ फेरे. छोट्या टाकीत ते ५.५ सेकंदांत होतात, मोठीत १८.५ सेकंद लागतात. रासायनिक क्रिया दहा सेकंदांत होणारी असेल तर छोट्या टाकीत ती मिसळल्यानंतर होते आणि मोठीत मिसळण्याआधीच. उपपदार्थ वाढतात ते इथे, आणि त्याचा दोष बऱ्याचदा कच्च्या मालाला दिला जातो.

जाकीटचंही (टाकी तापवण्या-थंड करण्याचं बाहेरचं आवरण) तसंच. घनफळामागे भिंतीचं क्षेत्रफळ ६.१८ पट घटतं. उष्णतेचं गणित करायचं तर वॉल फंक्शनवर अवलंबून राहू नका. एसएसटी घ्या आणि भिंतीला वाय प्लस १ ठेवा. पाण्याचा प्रांड्टल नंबर (संवेग आणि उष्णता पसरण्याच्या वेगांचं गुणोत्तर) ७ च्या आसपास, त्यामुळे उष्णतेचा थर वेगाच्या थरापेक्षा जवळपास निम्म्या जाडीचा असतो.

सूरसागर_पश्चिम

नंदेसरीकरांच्या आकड्यांतच एलईएसची बाजू आहे. मोठ्या टाकीत सर्वात लहान भोवरा तसाच, ४३ मायक्रॉन, कारण प्रति किलो शक्ती तीच. घनफळ २३६ पट, म्हणजे डीएनएस २३६ पट महाग. पण मोठे भोवरे इम्पेलरसोबत वाढतात, तेव्हा एलईएसला आतल्या भागात तेवढेच ४० लाख सेल पुरतात, प्रत्येक सेल ६.१८ पट मोठा. महाग होतो तो फक्त भिंतीलगतचा थर. मिसळण्याची वेळ आरएएनएसमधून काढली तर ती बहुधा जास्त येते, कारण वरच्या आणि खालच्या भोवऱ्यात होणारी देवाणघेवाण ती मंद लय करते आणि एमआरएफमध्ये ती लयच नसते. म्हणून टॉर्कसाठी आरएएनएस, मिसळण्यासाठी एलईएस असं काम वाटून घ्या.

कलाभवन_यंत्र

यावर माझं दुमत नाही. फक्त एलईएसला आरएएनएसचं स्थिर झालेलं उत्तरच सुरुवात म्हणून द्या आणि पहिले २० फेरे सरासरीत धरू नका.

दांडियाबाजार

मिसळण्याची वेळ प्रयोगाने मोजायची आहे. मिठाचं पाणी आणि कंडक्टिव्हिटी प्रोब आहे. काय सांभाळायचं?

नंदेसरी_प्रोसेस

मिठाचं पाणी २० मिली पुरे, टाकीच्या हजारावा भाग. संपृक्त घेऊ नका, जड असल्याने ते सरळ बुडाशी जातं आणि मिसळण्याऐवजी तुम्ही बुडण्याची वेळ मोजता. पृष्ठभागालगत, दांडा आणि भिंत यांच्या मधोमध, एका सेकंदाच्या आत ओता. गणितातही तीच जागा आणि तोच कालावधी द्या. एकूण वेळ ५.५ सेकंद आहे, तेव्हा प्रोबचा प्रतिसाद अर्ध्या सेकंदाच्या आत हवा. मंद प्रोबने आलेखाला आपोआप गोलाई येते. एक प्रोब बॅफलमागे बुडाशी आणि एक वर ठेवा, जो उशिरा स्थिरावेल तो धरा. त्या मंद लयीमुळे प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येईल, म्हणून निदान दहा वेळा करा आणि दर वेळी इम्पेलर सुरू करून मिनिटभर थांबल्यावरच ओता.

मकरपुरा_फॅब्रिकेशन

दहा वेळा मीठ घातल्यावर पाण्याची मूळ कंडक्टिव्हिटी चढत जाते आणि प्रोबचा बदल लहान दिसू लागतो. तीन-चार वेळांनी पाणी बदला आणि बदललेल्या पाण्याचं तापमान पुन्हा घ्या.